कॅलगरीत शिकायला किंवा नोकरीसाठी येताना

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील कॅलगरीत भाड्याची खोली शोधणाऱ्याने रस्त्याच्या नावाआधी पत्त्याच्या शेवटची दिशादर्शक अक्षरे पाहावीत. साधारणपणे बो नदी आणि सेंटर स्ट्रीट यांच्या आधाराने शहराचे चार भाग पाडलेले असून एकाच क्रमांकाचा रस्ता निरनिराळ्या भागांत असू शकतो. अक्षरे चुकली की माणूस भलत्याच टोकाला पोहोचतो. ईशान्येकडील सॅडल रिज, मार्टिनडेल, टॅराडेल या वस्त्यांत भारतीय उपखंडातील कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे तेथे आपल्याकडचा किराणा सहज मिळतो आणि नवागत बहुधा तिकडेच बिऱ्हाड थाटतो. कॅलगरी विद्यापीठ मात्र वायव्येला आहे. सी-ट्रेन या शहरी रेल्वेच्या निळ्या मार्गाने शहराच्या मध्यभागी यायचे आणि तेथे लाल मार्गाची गाडी धरायची, असा तो रोजचा प्रवास होतो. उणे पंचवीस अंशांत फलाटावर उभे राहताना भाड्यात वाचलेल्या पैशांचे समाधान टिकत नाही. पहिल्या वर्षी खोली लहान असली तरी चालेल, पण ती लाल मार्गावरील स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तंत्रशिक्षणासाठी प्रसिद्ध असलेली सेट ही संस्थाही याच मार्गावर येते.

शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि हवा अतिशय कोरडी आहे. पहिल्या हिवाळ्यात ओठ फुटतात, कित्येकांचा नाकाचा घोळणा फुटतो. खोलीत हवा दमट ठेवणारे यंत्र लावल्यास बराच आराम पडतो. थंडीपेक्षा फसवा असतो तो शिनूक वारा. प्रशांत महासागरावरून येणारी ओलसर हवा रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर पाऊस आणि बर्फ टाकून मोकळी होते व पूर्वेकडे उतरताना कोरडी आणि उबदार होते, त्यामुळे ऐन जानेवारीत काही तासांत तापमान पंधरा-वीस अंशांनी चढू शकते. लोक जाकिटे काढून फिरू लागतात, काहींचे डोके मात्र भयंकर दुखते. रात्री तेच वितळलेले पाणी पुन्हा गोठते आणि पदपथ काचेसारखे निसरडे होतात, म्हणून महागड्या कोटाआधी पकड असलेले बूट घ्यावेत. मध्यवर्ती भागात इमारतींना जोडणारे, रस्त्यापासून सुमारे पंधरा फूट उंचीवरचे बंदिस्त पूल आहेत. हिवाळ्यात कार्यालयांतून कार्यालयांत त्यांवरूनच ये-जा होते.

या शहराच्या नोकऱ्यांचे गणित तेलाने मांडलेले आहे. 1914 मध्ये जवळच्या टर्नर व्हॅलीत तेल सापडले आणि त्या व्यवसायाची कार्यालये येथे जमू लागली. त्यामुळे 1947 मध्ये एडमंटनजवळच्या लेड्यूकला मोठा साठा लागला, तरी मुख्यालये कॅलगरीतच राहिली. सनकोर, सेनोव्हस, एनब्रिज यांची मुख्यालये आजही येथेच आहेत. 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा मोठी नोकरकपात झाली, उंच इमारतींचे मजलेच्या मजले रिकामे पडले, आणि त्यांतील काहींचे घरांत रूपांतर करण्यासाठी महापालिकेने पुढे अनुदान देऊ केले. म्हणून अभ्यासक्रम निवडताना आजची भरती पाहून हुरळून जाऊ नये. पाइपलाइनपुरते मर्यादित न राहता वीज, पाणी, विदासंगणन (डेटावर प्रक्रिया) यांतही उपयोगी पडेल असे काही शिकावे.

महाराष्ट्रातून पदवी घेऊन आलेल्या इंजिनिअरने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अल्बर्टात व्यावसायिक इंजिनिअर म्हणून काम करण्यासाठी अपेगा या संस्थेकडे नोंदणी लागते. त्यासाठी पदवीची तपासणी, साधारणतः चार वर्षांचा अनुभव आणि व्यावसायिक नीती व कायद्याची परीक्षा असे टप्पे आहेत. नोंदणी होईपर्यंत परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करता येते. भारतातील अनुभवाची सविस्तर पत्रे मात्र तिकडून निघण्यापूर्वीच जुन्या वरिष्ठांकडून घ्यावीत. ते नोकरी बदलून गेले की पाठपुरावा फार जिकिरीचा होतो.

खर्चाच्या बाबतीत प्रांताचा वेगळा विक्रीकर नाही, केवळ 5 टक्के केंद्रीय कर लागतो, हा दिलासा आहे. प्रांतिक आरोग्य कार्डासाठी आल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा. रॉकी पर्वतातील बॅन्फ हे पर्यटनस्थळ मोटारीने दीड तासावर आहे, पण ही सारी कागदपत्रे मार्गी लागेपर्यंत ते थांबू शकते.