लेटरप्रेस शिकताय? मग या चुका टाळा

लेटरप्रेसमध्ये, म्हणजे उठावाच्या अक्षरांना शाई लावून ती कागदावर दाबायच्या छपाईत, छाप फिकट उठली की नवशिक्याचा हात दोनच गोष्टींकडे जातो, शाईकडे नाहीतर दाबाकडे. मी इतकी वर्षं ट्रेडल मशीनशेजारी उभी राहून सांगतेय की दुखणं बहुतेक वेळा तिथे नसतंच. पण मूळ शोधायचं तर फर्मा (चौकटीत आवळलेली अक्षरांची जुळणी) पुन्हा सोडावा लागतो, आणि तेवढा धीर कुणाला नसतो.

आधी दाबाबद्दल. अक्षर कागदात खोल रुतलेलं दिसलं की लोकांना ते ‘खरं लेटरप्रेस’ वाटतं. जुन्या छपाईत मात्र कागदाच्या पाठीला अक्षर जाणवलं की काम बिघडलं असं समजत. खिळा, म्हणजे छपाईचं सुटं धातूचं अक्षर, शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा असतो आणि हा धातू मऊ असतो. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने आमंत्रणपत्रासाठी १० पॉइंटचा बारीक खिळा घेतला होता. कागद जाड, सुती. मी जरा बाहेर गेले तेवढ्यात तिने पॅकिंगमध्ये, म्हणजे छापायच्या कागदामागच्या थरांमध्ये, चार कागद जादा सारले. पहिल्या प्रती देखण्या आल्या. पुढे अक्षरं हळूहळू जाड होत गेली, तसा तिने आणखी एक कागद घातला. परत येऊन मी भिंगाखाली खिळे पाहिले तेव्हा वेलांट्यांची टोकं चेपून सपाट झाली होती. ते खिळे मी वितळवायला काढले. तसा संच मला पुन्हा मिळालेला नाही. खोल ठसाच हवा असेल तर अक्षरं उठवलेली पॉलिमरची (प्लास्टिकसारखी) प्लेट करून घ्या, ती खराब झाली तर दुसरी बनते.

माझी सवय अशी आहे: पहिलं प्रूफ (तपासायची छाप) अगदी कमी दाबाने काढायचं, कागद उलटा करून पाठीवरून बोटं फिरवायची. जिथे उंचवटा लागतो तिथलं पॅकिंग उतरवायचं आणि जिथे अक्षर फिकं आहे तेवढ्याच जागी मागे टिश्यूचा तुकडा चिकटवायचा. याला तास जातो. जाऊ द्या.

दुसरी चूक स्टिकमध्येच, म्हणजे खिळ्यांची ओळ जुळवायच्या हातातल्या साच्यातच, होते. ओळ सैल राहते आणि मग ‘क्वॉइन (फर्मा आवळायच्या पाचरी) आवळले की बसेल’ म्हणून पुढे जातात. बसत नाही. उलट जास्त आवळल्याने फर्मा मधोमध फुगतो, खिळे वर सरकतात आणि मशीनवर फुटतात. ओळ पुरी झाली की स्टिक किंचित पुढे कलवा. ओळ आधाराशिवाय उभी राहिली पाहिजे आणि तरी बोटाने हलली पाहिजे. कमी पडली तर पितळेची किंवा तांब्याची पातळ पट्टी घाला. कागदाची घडी कोंबू नका, ती दाबाखाली बसते आणि ओळ पुन्हा सैल होते.

चेसमध्ये, म्हणजे फर्म्याच्या धातूच्या चौकटीत, क्वॉइन आधी हातानेच घट्ट करा, लाकडी ठोकळ्याने खिळे हलकेच ठोकून समतल करा, मग आळीपाळीने आवळा. पूर्ण आवळल्यावर ठोकून उपयोग नाही. मग चेसचा एक कोपरा क्वॉइनच्या किल्लीवर टेकवा आणि मधल्या खिळ्यांवर बोट दाबून पाहा. एकही खिळा खाली सरकला तर चेस उचलायची नाही.

शाईचं फार बोलत नाही. थोडी घाला आणि रुळांचा आवाज ऐका. बारीक सळसळ ठीक, चिकट चटचट आली तर जास्त झाली. रूळ रात्रभर शाईच्या तबकडीवर टेकवून ठेवू नका, चपटे होतात. खिळे जुळवताना त्यांच्या अंगावरची खाच नेहमी वर असू द्या. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, शिसं आहे ते.

वाकडा बसलेला कागद सरळ करायला मिटणाऱ्या प्लेटनमध्ये (कागद फर्म्यावर दाबणाऱ्या पाटात) हात घालायचा नाही, कधीच नाही. तो कागद वाया जाऊ द्या.

छपाई संपली की खिळे पुसून त्याच दिवशी खान्यात परत टाका. बहुतेक जण हे उद्यावर ढकलतात. मग पुढच्या जुळणीत ‘ब’च्या खान्यातून ‘व’ निघतो, प्रूफ चुकतं आणि खापर मशीनवर फुटतं.