डेक बांधताय? आधी परमिटचा हिशोब मांडा

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीत नवीन घर घेतलेल्या आपल्या मंडळींना घरामागे डेक, म्हणजे लाकडी ओटा, हवा असतो आणि प्रश्न ठरलेला: "डेकच्या परमिटला किती लागतात हो?" एका आकड्यात उत्तर देणारा कुणी भेटला, तर त्याच्यावर फार विसंबू नका. बांधकामाचा कायदा राज्याचा एकच आहे, पण फीचं दरपत्रक ज्या त्या टाउनशिपचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं. एडिसनचा दर प्लेन्सबरोला चालत नाही. मित्राने किती भरले हे विचारत बसण्यापेक्षा आपल्या टाउनशिपच्या वेबसाइटवर बांधकाम खात्याचं फी शेड्यूल शोधा.

बऱ्याच ठिकाणी फी कामाच्या अंदाजे खर्चावर, दर हजार डॉलरमागे ठरते. समजा १६ बाय २० फुटांचा डेक आहे, एस्टिमेट २०,००० डॉलरचं आणि तुमच्या टाउनशिपचा दर हजारी ३० डॉलर. म्हणजे झाले ६००. त्यावर राज्याची फी हजारी १ डॉलर ९० सेंट, म्हणजे आणखी ३८. खर्चात मजुरीही धरतात, त्यामुळे "मी स्वतःच ठोकणार आहे, फक्त लाकडाचे धरा" असं सांगून उपयोग नाही. डेकवर दिवे लावायचे असतील तर इलेक्ट्रिकलची फी वेगळी, आणि तिची किमान रक्कम ठरलेली असते. दिवे दोन असोत की वीस, तेवढे तरी जातातच.

पण खिशाला खरी चाट बसते ती परमिटच्या आधीच्या कागदांनी. बांधकाम खात्याच्या आधी झोनिंगची परवानगी लागते. शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती अंतर सोडलंय आणि प्लॉटचा किती भाग आधीच झाकलेला आहे, हे तिथे बघतात. त्यासाठी प्लॉटचा सर्व्हे, म्हणजे मोजणीचा नकाशा हवा. क्लोजिंगच्या वेळी, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होताना, पैसे वाचवायला अनेकजण सर्व्हे नको म्हणून सही करतात आणि मग डेकच्या वेळी तोच सर्व्हे नव्याने करून घेतात. तुमच्याकडे असेल तर फाइलमधून काढा, पण फोटोकॉपी काढताना लहान करू नका. स्केल बिघडलं की खिडकीवरची बाई तो कागद तसाच परत सरकवते. डेक हद्दीच्या नियमात बसत नसेल तर व्हेरियन्सचा, म्हणजे नियमातून सूट मागणारा अर्ज, सुनावणी, शेजाऱ्यांना नोटिसा. तिथे फीपेक्षा कितीतरी जास्त खर्च होतो, म्हणून शक्य असेल तर डेक दोन फूट लहान करा आणि मोकळे व्हा. टाउनहाउस असेल तर एचओएचं, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या संघटनेचं, परवानगीचं पत्र सगळ्यात आधी.

स्वतःच्या राहत्या घराचे नकाशे घरमालकाला स्वतः काढता येतात, आर्किटेक्ट लागतोच असं नाही. मात्र त्यात पायाची खोली, जॉइस्टचं (फळ्यांखालच्या आडव्या तुळयांचं) अंतर, कठड्याची उंची आणि डेक घराला कसा जोडणार ते स्पष्ट हवं. हा जोड सगळ्यात महत्त्वाचा. घराच्या भिंतीला लागणारी लेजरची फळी नुसत्या खिळ्यांवर चालत नाही, तिला बोल्ट किंवा जाड लॅग स्क्रूच हवेत. डेकचा हिशोब साधारण दर चौरस फुटाला ४० पौंड भाराचा असतो. आपल्याकडे गणपतीत आरतीनंतर पन्नास माणसं प्रसादाच्या प्लेटा घेऊन एकदम डेकवर येतात, तेव्हा भाराचा मोठा वाटा त्या जोडावर येतो. या एका कारणासाठीसुद्धा मी परमिटच्या बाजूचा आहे.

दुसऱ्या राज्यातला चुलतभाऊ सांगेल, "आमच्याकडे परमिट लागत नाही." खरंही असेल. २०० चौरस फुटांपर्यंतचा, जमिनीपासून ३० इंचांहून उंच नसलेला, घराला न जोडलेला आणि मुख्य दरवाजासमोर नसलेला डेक अनेक राज्यांच्या नियमांत सुटतो. इथे मात्र टाउनशिपला विचारल्याशिवाय काही गृहीत धरू नका. काँट्रॅक्टरच "परमिटची काय गरज, स्वस्तात करून देतो" म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावा. परमिटशिवाय काम सुरू केलं तर २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो घरमालकाच्या नावावर. काँट्रॅक्टरचा राज्याकडचा नोंदणी क्रमांक १३व्हीएचने सुरू होतो, तो करारावर बघून घ्या. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी करारानेच.

अर्ज दिल्यावर टाउनशिपकडे उत्तरासाठी कामाचे २० दिवस असतात. तेवढ्यात खड्ड्यांआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या दाखवणाऱ्या सेवेला, फोन करा. फुकट आहे. ते येऊन गॅसला पिवळी, विजेला लाल, पाण्याला निळी अशा खुणा करून जातात. मध्य जर्सीत पाया साधारण तीन फूट खोल लागतो, नाहीतर हिवाळ्यात गोठलेली जमीन फुगून खांब वर ढकलते. काँक्रीट ओतायच्या आधी इन्स्पेक्टरला मोकळा खड्डा दिसला पाहिजे. घाईने ओतलंत तर पुन्हा उकरायला लावतील.

पुढे करासाठी घराची किंमत ठरवणारा असेसर येऊन बघतो आणि प्रॉपर्टी टॅक्स थोडा वाढतो, तेही बजेटमध्ये धरा. आणि काँट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता फायनल इन्स्पेक्शन पास होऊन सर्टिफिकेट हातात आल्यावरच द्यायचा, हे करारात आधीच लिहून घ्या. इन्स्पेक्शन नापास होऊन लाल स्टिकर लागलं तर दुरुस्तीला तो परत येण्याचं तेवढंच एक कारण उरतं.