एचटीटीपीएस कनेक्शन मधेच कोणी वाचू शकतं का? या चुका टाळा

आधी सरळ उत्तर. टीएलएस १.३ (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) नीट लावलेलं असेल तर रस्त्यात पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारे डेटाचे तुकडे, पकडून आतला मजकूर वाचणं आज व्यवहारात शक्य नाही. पॅकेट पकडणं अवघड नाही, त्याच वायफायवर बसलेला माणूसही पकडेल, पण त्याला वाचता काहीच येत नाही, फार तर तुम्ही कुठल्या साइटवर गेलात एवढं कळतं. कनेक्शन वाचली जातात ती बहुतेक वेळा सर्टिफिकेटच्या (हे डोमेन याचंच, असं ब्राउझरला पटवणारा डिजिटल दाखला) बाजूने, आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त निष्काळजी असतो.

२०११ मध्ये नेदरलँड्समधली डिजिनोटार ही सर्टिफिकेट देणारी कंपनी हॅक झाली, तिथून गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट निघालं आणि ते इराणमधल्या जीमेलवाल्यांवर वापरलं गेलं. एन्क्रिप्शनला कोणी हातही लावला नव्हता, खोट्या सर्टिफिकेटमुळे मधला माणूसच ब्राउझरला गूगल वाटत होता. आपल्याकडेही २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी आयटी संस्थेकडून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेट निघाली होती आणि विंडोज त्यांच्यावर विश्वास ठेवत होतं, म्हणजे हे फक्त दूरदेशीचं प्रकरण नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असं लाल पान आलं की अ‍ॅडव्हान्स्ड दाबून पुढे जाणं. कृपया असं करू नका, बँकेच्या साइटवर तर अजिबात नको! आधी खालचा एरर कोड वाचा. त्यात "डेट इनव्हॅलिड" असेल तर फोनची किंवा लॅपटॉपची तारीख बघा, जुन्या लॅपटॉपचा सीमॉस सेल (आतलं घड्याळ चालवणारा छोटा सेल) संपला की तारीख मागे जाते आणि सगळ्याच साइट बोंबलायला लागतात. तारीख बरोबर असून एकाच साइटवर येत असेल तर त्यांचं सर्टिफिकेट संपलंय, थांबा. "अथॉरिटी इनव्हॅलिड" असेल आणि हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायवर असाल तर बऱ्याचदा त्या वायफायचं लॉगिन पान मधे आलेलं असतं, नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही मुद्दाम एचटीटीपीएस न वापरणारी साइट उघडा, लॉगिन करा, मग परत बघा. तरीही तेच आलं तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या.

दुसरी चूक, कोणीतरी सांगितलं म्हणून रूट सर्टिफिकेट (ज्याच्या सहीची सगळी सर्टिफिकेट ब्राउझर खरी मानतो) इन्स्टॉल करणं. हे एकदा घातलं की ते देणारा कुठल्याही साइटच्या नावाने सर्टिफिकेट बनवू शकतो आणि ब्राउझर तक्रारही करत नाही. कझाकस्तान सरकारने २०१९ मध्ये लोकांना हेच करायला लावलं होतं, शेवटी क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीने ते सर्टिफिकेट ब्लॉक केलं. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं, असंच रूट सर्टिफिकेट घालणारं सॉफ्टवेअर कंपनीतूनच आलं होतं, हे २०१५ मध्ये उघड झालं, आणि त्याची प्रायव्हेट की (सर्टिफिकेटवर सही करायची गुप्त किल्ली) सगळ्या मशीनमध्ये एकच, ती बाहेर आल्यावर तर कोणालाही त्या लोकांचं कनेक्शन मधे अडवता आलं असतं.

तपासायचं असेल तर गूगल उघडा, अ‍ॅड्रेस बारच्या डावीकडच्या आयकॉनवरून सर्टिफिकेट बघा. "इश्यूड बाय"मध्ये गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस हवं. तिथे अँटीव्हायरसचं किंवा तुमच्या ऑफिसचं नाव दिसलं तर मधे कोणीतरी सगळं उघडून वाचू शकतंय. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे सर्रास असतं, म्हणून घरचं नेटबँकिंग तिथे नको. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये "ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स" शोधा आणि "यूजर" टॅब बघा, तिथे तुम्ही न घातलेलं काही असेल तर काढून टाका.

आणि कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं समजू नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, ठगालाही मिळतं. तुमचं कनेक्शन अगदी सुरक्षितपणे त्याच्यापर्यंत पोचतं, म्हणून डोमेनचं स्पेलिंग दरवेळी वाचा.