युनिक लावूनही डुप्लिकेट कसे आले?

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेबलमध्ये एकाच ईमेलची दोन चालू खाती दिसली तेव्हा मी आधी ॲपच्या कोडवर संशय घेतला. दोन दिवस तिथेच गेले. युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच नोंद दोनदा येऊ न देणारा नियम, होताच ना! ईमेल आणि 'डिलीट केल्याची वेळ' या दोन कॉलमवर मिळून तो लावला होता (खातं डिलीट केलं तरी ओळ राहते, फक्त ही वेळ भरली जाते), म्हणजे खातं डिलीट केल्यावर तोच ईमेल पुन्हा वापरता यावा.

घोळ तिथेच होता. चालू खात्यात डिलीटची वेळ नल, म्हणजे रिकामी, असते, आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत नल म्हणजे 'माहीत नाही'. दोन माहीत नसलेल्या गोष्टी समान आहेत असं डेटाबेस म्हणत नाही. त्यामुळे ज्या ओळींसाठी कन्स्ट्रेंट हवा होता, नेमक्या त्याच ओळींना तो लागूच होत नव्हता.

आधी डुप्लिकेट खाती एकत्र केली. ती असताना नवा इंडेक्स बनतच नाही. मग जुना कन्स्ट्रेंट काढून फक्त ईमेलवर पार्शल युनिक इंडेक्स केला, म्हणजे अटीत बसणाऱ्या ओळींपुरताच युनिकचा नियम. अट एकच: डिलीटची वेळ नल असावी. दुसरी चालू ओळ घालून पाहिली, लगेच एरर आली. फार बरं वाटलं.

पोस्टग्रेस १५ पासून 'नल्स नॉट डिस्टिंक्ट' हा नल एकमेकांसारखे धरणारा पर्यायही आहे. मला पार्शल इंडेक्सच आवडतो, त्यातून हेतू स्पष्ट वाचता येतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मात्र पार्शल इंडेक्स नाही, तिथे जनरेटेड कॉलम (इतर कॉलमवरून आपोआप काढला जाणारा) करून काम भागवता येतं. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस उलट वागतो: एका कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट असेल तर नल एकदाच चालतो.