करडईचं तेल आणलं, मेथीचं पाणी प्यायलं, तरी कोलेस्टेरॉल-साखरेचा रिपोर्ट तोच! या चुका टाळा

तेल बदलणं सोपं असतं, मोजणं कटकटीचं. म्हणून डबा बदलतो आणि पळी तीच राहते.

आधी हिशेब करू. 1 लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. चौघांच्या घरात महिन्याला 5 लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल जातं, म्हणजे जवळजवळ 340 कॅलरी. यात बाहेरचा वडा-भजी नाही, वरचं तूप नाही आणि भाजीतला दाण्याचा कूटही नाही (शेंगदाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेलच असतो). तोच खर्च 2 लिटरवर आणला तर माणशी रोज 15 ग्रॅम पडतात, म्हणजे तीन-सव्वातीन चहाचे चमचे. डबा फोडला त्या दिवशीची तारीख त्यावर पेनाने लिहा. फोडणीसाठी कढईवर किटली वाकवू नका, चमच्याने तेल घाला. एवढ्यानेच बऱ्याच घरांतला घोळ उघडा पडतो.

पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ या शब्दांना भुलू नका. नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल कुठल्याच वनस्पती तेलात नसतं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवतं ते मुख्यतः संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट), त्यामुळे पाहायचं ते तेवढंच. खोबरेल तेलात ते 80 ते 90 टक्के असतं, तुपात साधारण 60च्या वर, पाम तेलात निम्मं, शेंगदाणा तेलात 20च्या आत-बाहेर आणि करडईत सुमारे 10. मात्र करडई ‘चांगली’ म्हणून दोन पळ्या जास्त घातली, तर वजन आणि साखर दोन्ही वर जातात. आणि तूप चालू ठेवून वरून करडई वाढवली, तर बदललं काहीच नाही.

उलटी चूकही तितकीच होते. तेल-तूप एकदम बंद केलं की पोट भरत नाही, मग दोन पोळ्या जास्त, चहाबरोबर टोस्ट, उपवासाला साबुदाणा असं सुरू होतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातला आणखी एक मेद) चढतात ते इथे. तेल तर सोडलंय, मग हे का वाढलं, हा प्रश्न नेहमीचा. पिष्ट, साखर आणि दारू हे त्याचं उत्तर.

रिपोर्ट वाचतानाही गडबड होते. समजा एकूण कोलेस्टेरॉल 210, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 35, ट्रायग्लिसराइड 420 आणि एलडीएल 91 छापलंय. 91 पाहून बरं वाटतं. पण पुष्कळ लॅब एलडीएल मोजत नाहीत, एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही. अशा वेळी 210 वजा 35, म्हणजे 175 हा नॉन-एचडीएलचा (एचडीएल सोडून उरलेल्या कोलेस्टेरॉलचा) आकडा पाहा, आणि तो जास्त आहे. किंवा लॅबला थेट एलडीएल मोजायला सांगा.

पुरी-भाजीनंतर दोन तासांनी साखर बेताची आली म्हणून पुरी ‘चालते’ असं ठरवू नका. मेदामुळे जठर हळू रिकामं होतं, साखरेचा चढ उशिरा येतो. चौथ्या तासाला पुन्हा मोजून पाहा. इन्सुलिन घेणाऱ्यांना हे विशेष लागू.

आता झाडपाल्याकडे. मेथीचं पाणी प्यायचं आणि दाणे टाकून द्यायचे, ही सर्वांत लाडकी चूक. मेथीचं बरंचसं काम तिच्या बुळबुळीत, विरघळणाऱ्या तंतूंचं आहे आणि ते तंतू बहुतांशी दाण्यातच राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी 1990च्या अभ्यासात रुग्णांना तेल काढलेली मेथीपूड दिली होती, रोज 100 ग्रॅम, दोन्ही जेवणांत मिसळून. आपला चमचाभर दाण्यांचा निथळ आणि ते प्रमाण यांची तुलनाच नाही. घरी 100 ग्रॅम कुणी खाऊ नये. कणकेत माणशी 1 चहाचा चमचा पूड घालून सुरुवात करा, पोट फुगलं नाही तर दोन-तीन आठवड्यांत 2–3 चमच्यांपर्यंत जा.

इसबगोल एलडीएल खरंच थोडं उतरवतं, पण घशात अडकू नये म्हणून भरपूर पाण्याबरोबरच घ्यावं, आणि औषधाच्या गोळीपासून दोन तास लांब. जवस अख्खा खाल्ला तर अख्खाच बाहेर पडतो. तो भाजून कुटा, पण थोडाच, कारण कूट लवकर खवट होतो.

कारल्याचा रस पिणाऱ्यांची खरी धोक्याची सवय म्हणजे त्यात दुधी मिसळणं. कडू निघालेल्या दुधीत कुकुरबिटासिन हे विष असतं, त्याने उलट्या, रक्तस्राव, क्वचित मृत्यूही ओढवतो. दुधी कडू आहे हे ओळखायला जीभ हाच उपाय, आणि कारलं नेमकं तेच झाकून टाकतं. चिरल्यावर दुधीची कापटी चाखा, जरा कडवट लागली तरी अख्खी फेकून द्या. प्यायल्यावर मळमळ झाली, तर थांबून न बघता दवाखाना गाठा.

दालचिनी म्हणून स्वस्तात मिळते ती बहुधा कॅसिया, जाड आणि कडक सालीची. तिच्यातलं कुमारिन यकृताला झेपत नाही. रोज चमचाभर पूड घेऊ नका. कोलेस्टेरॉलसाठी घेतात त्या गुग्गुळाचा तर 2003मधल्या अमेरिकेतल्या चाचणीत उलटाच अनुभव आला. एलडीएल किंचित वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. त्याच्या भरवशावर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सोडण्यात अर्थ नाही.

काय करायचं ते एका वेळी एकच बदला. लिपिड (कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड) सहा ते बारा आठवड्यांनी, एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये तपासा. आणि काय घेताय ते डॉक्टरांना सांगा, कारण ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळीवर कारलं, मेथी, गुडमार (जिभेवरची गोड चव मारणारा पाला) एकत्र चढवलं तर साखर घसरू शकते.

घाम, थरथर, आणि मीटरवर 70च्या खाली आकडा आला, तर लाडू किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातला मेद साखरेला उशीर लावतो. 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. वोग्लिबोज (पिष्ट-साखरेचं पचन लांबवणारी मधुमेहाची गोळी) घेणाऱ्याला साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं. गुडमारचं पान चघळलेलं असेल तर हे पाणी गोड लागणार नाही, तरी ते पूर्ण प्यायला लावा आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा.