जुन्या गाडीत तेलाची वाफ आणि इंजिनखालचं कव्हर: पावसाळ्याआधी काय करावं

जुन्या मारुती ८००चं किंवा पद्मिनीचं टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) तेलकट दिसलं की पहिल्यांदा पॅकिंग बदललं जातं. थोड्याच दिवसांत तेल पुन्हा पाझरतं. बऱ्याचदा दोष पॅकिंगचा नसतो, आत कोंडलेल्या दाबाचा असतो. जळलेला थोडा वायू पिस्टन रिंगांच्या कडेने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात उतरतो आणि तेलाची वाफ घेऊन बाहेर पडायला बघतो. त्याची वाट म्हणजे ब्रीदर पाइप, आणि गाडीत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे ही वाफ परत इंजिनात ओढू देणारी झडप. ही वाट तुंबली की तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. म्हणून आधी वाट मोकळी करा, इंजिनखालच्या कव्हरचं नंतर बघा.

गाडी गरम करून आयडलिंगवर ठेवा. तेल भरायचं झाकण जपून काढा, शिंतोडे उडू शकतात. झाकणाच्या भोकावर पातळ कागद धरा. पीसीव्ही असलेल्या गाडीत कागद हलकेच आत ओढला जातो. तो जोरात वर उडाला तर वाट बंद आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. झाकणाखाली पिवळसर साय दिसली तर लगेच घाबरू नका. मुंबईत पार्ल्याहून अंधेरीपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि ओलावा आतच राहतो. मात्र कूलंटही कमी होत असेल, तर हेड पॅकिंग (सिलिंडर हेडखालचं पॅकिंग) तपासून घ्या.

आता इंजिन थंड होऊ द्या. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आत खुळखुळ वाजलं पाहिजे. वाजत नसेल तर कार्ब क्लीनरने (कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेने) धुऊन बघा, तरी अडकला तर नवा घ्या. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतो. ब्रीदर पाइप तेलाला टिकणाराच घ्या. पाण्याचा साधा पाइप तेलाने मऊ पडतो आणि आतल्या ओढीने चिमटतो. ब्रीदरला बूच मारणं हा तर निव्वळ घातक उपाय आहे, दाब शेवटी सील फोडतो. एअर फिल्टर तेलाने भिजला असेल तर तोही बदला. एवढं करूनही वाफ जोरात येत राहिली, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा.

इंजिनखालचं कव्हर बसवण्याआधी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. थेंब कुठे पडला त्यावरून गळती सापडते. कव्हर लागलं की तेल त्यावरच साचतं आणि खाली काही दिसत नाही. तेलाने माखलेलं कव्हर गरम सायलेन्सर पाइपजवळ असेल तर आगीचा धोका असतो. ते साबणाच्या पाण्याने धुवा. आतला फोम तेल प्यायला असेल तर काढून टाका.

प्लॅस्टिकचं कव्हर बेल्ट आणि अल्टरनेटरवर उडणारं पाणी अडवतं. लोखंडी चेंबर गार्ड स्पीडब्रेकरचा मार झेलतो. तो चासीला बसवा, चेंबरच्या बोल्टला कधीच नाही, आणि तेल काढायच्या बोल्टसमोर भोक ठेवा. मिलन सबवेत पाणी भरलं असेल तर मात्र कव्हरच्या भरवशावर आत शिरू नका. एअर फिल्टरमधून पाणी ओढलं गेलं की पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

पहिला मोठा पाऊस झाला की कव्हर उतरवून वर साचलेला चिखल धुवा. ओला चिखल चेंबरचा पत्रा गंजवतो.