उन्हाळाभर अलास्कात कुदळ मारायची असेल तर

फेअरबँक्सच्या उत्तरेला एलियट हायवेच्या 28 व्या मैलावर विकरशॅम डोम नावाचा डोंगर लागतो. तिथून समिट ट्रेल ही पायवाट सुटते आणि 20 मैलांवर बीव्हर क्रीकपाशी उतरते. हा व्हाइट माउंटन्सचा मुलूख, जवळजवळ 10 लाख एकरांचा. 1980 च्या कायद्याने राखून ठेवलेला, आणि त्याचा कारभार अमेरिकी सरकारच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याकडे, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे (बीएलएम). पलीकडे स्टीझ हायवेवर पिनेल माउंटन ट्रेल आहे, 27 मैलांची, डोंगरधारेवरून जाणारी. अशा ठिकाणी उन्हाळी इंटर्नशिप मिळाली तर कागदावर कामं दोन लिहिलेली असतात, वाटा दुरुस्त करणं आणि माती राखणं. प्रत्यक्षात कुठल्याही वाटेवर उभं राहिलात की प्रश्न एकच असतो: पाणी कुठून येतंय आणि कुठे चाललंय. तयारीसुद्धा तोच प्रश्न डोक्यात ठेवून करावी.

पण सामानाच्या आधी कागद. आपल्याकडून अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांचा घोळ इथेच होतो. अमेरीकॉर्प्स या सरकारी सेवा योजनेच्या पैशावर चालणाऱ्या जागांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, त्यामुळे अर्ज भरण्याआधी पात्रतेची ओळ नीट वाचा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पगारी काम करायचं तर ते अभ्यासक्रमाशी जोडलेलं हवं आणि सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीची, नोंद पहिल्या दिवसाच्या आधी आय-20 वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या व्हिसाच्या फॉर्मवर, झालेली हवी. ‘नुसतं मानधन तर आहे’ असं स्वतःच ठरवू नका, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कचेरीत जाऊन विचारा. मित्रांबरोबर गाडीने अलास्का हायवेने जायचा बेत असेल तर तो रस्ता कॅनडातून जातो आणि भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो. सिॲटलहून सरळ विमान धरणं सोपं. निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस कधी घेतली होती तेही पाहून ठेवा, गंजक्या खिळ्यांच्या जुन्या फळ्या उपसायच्या असतात.

मग पाय. पैसे मोजून घ्यायची गोष्ट एकच असेल तर ती बूट. बहुतेक ठिकाणी घोट्याच्या वर जाणारे, 8 इंच उंचीचे चामडी कामाचे बूट मागतात. ते निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. महिना-दीड महिना घालून, ओले करून, पुन्हा घालून पायाला बसवा. शिवाय गुडघ्याखालपर्यंत येणारे रबरी गमबूटही लागतील, कारण ओलवट भागात चामड्याचा निभाव लागत नाही. मोजे लोकरीचे, आणि एक कोरडा जोड फक्त झोपताना घालण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला. सुती कपडे एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत आणि अंगातली ऊब शोषून घेतात, त्यामुळे जीन्स घरीच राहू दे. जुलैत फेअरबँक्समध्ये घाम फुटेल, पण धारेवर त्याच महिन्यात हिमाचा भुरका पडू शकतो. लोकरीची टोपी आणि पावसाळी जाकीट दोन्ही घ्या.

सह्याद्रीत गड चढलेल्यांच्या गुडघ्यांना तो सराव उपयोगी पडतो, पण तिथे पायाखाली काळा कातळ असतो. इथे गवताचे फूटभर उंच झुबके असतात. त्यांच्यावर पाय ठेवला तर ते डोलतात, मधे ठेवला तर पाणी. एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करा, आणि पाठीवर वजन घेऊन जिने चढा-उतरा. जिममधल्या ट्रेडमिलने काही होत नाही.

गावाकडे श्रमदानात सलग समतल चर खोदलेले असतील त्यांनी ती सवय विमानतळावरच सोडावी. तिथे पाणी अडवून जिरवायचं असतं. इथे पाणी वाटेवर थांबलं की चिखल आणि वाटेवरून धावलं की घळ, म्हणून त्याला लवकरात लवकर बाजूला काढायचं. वाटेची दरीकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा साधारण 5 टक्के खाली ठेवतात. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे उतार 20 टक्के असेल तर वाट 10 टक्क्यांच्या आत. एवढे दोन आकडे पाठ करून गेलात तर पहिल्याच दिवशी पुढचे लोक काय बोलतायत ते कळेल. हत्यारं ते देतात: पहार, फावडं, दाताळ्यासारखं मॅक्लाऊड आणि पुलास्की. पुलास्कीला एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला आडवं पातं. 1910 च्या महावणव्यात आपल्या माणसांना आयडाहोतल्या एका खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणारा वनरक्षक एड पुलास्की, त्याचं नाव त्याला मिळालंय. कानशीने धार लावायला घरीच शिकून घ्या. बोथट पुलास्की घेऊन राबणाऱ्या नवख्याची कीव करत कोणी थांबत नाही.

आता ज्याच्यासाठी एवढ्या उत्तरेला जायचं ती जमीन. बऱ्याच ठिकाणी खाली कायम गोठलेला थर आहे आणि उन्हाळ्यात फक्त वरचा थर विरघळतो. त्या बर्फाला उन्हापासून झाकणारी गोष्ट म्हणजे शेवाळ आणि कुजक्या पाल्याची जाड गादी. चारचाकी मोटरसायकलींनी किंवा शेकडो बुटांनी ती फाटली की खालचं बर्फ वितळतं, जमीन खचते, खड्ड्यात पाणी साचतं, काळं पाणी ऊन पिऊन आणखी बर्फ वितळवतं. चालणारे मग डबकं टाळून बाजूने जातात आणि वाट रुंदावत रुंदावत पन्नास फुटांची होते. त्यामुळे इथे कुदळ चालवण्याआधी खणायचंच आहे का, हे विचारावं लागतं. पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असतं. फळ्यांची वाट टाकतात किंवा जाळीदार प्लॅस्टिकच्या लाद्या अंथरतात, जेणेकरून गादी शाबूत राहील. तुमचं अर्धं काम फळ्या खांद्यावरून वाहण्याचं असेल, याची मनाची तयारी ठेवा. माती मोजायच्या दिवशी लोखंडी सळई दाबत जायची आणि ती गोठलेल्या थराला अडली की खोली लिहायची. वहीचा कागद पावसात टिकणारा घ्या, आणि पेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर रुसतं. चिखलातून येताना चार्जरही भिजतो हे विसरू नका.

डासांबद्दल अतिशयोक्ती होत नाही. डोक्यावरून घ्यायची जाळी दोन घ्या, एक हरवतेच. परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांना लावायचं, अंगाला नाही. डीट हे डास पळवणारं औषध अंगाला लावायचं, पण घड्याळाच्या प्लॅस्टिकला आणि चष्म्याला लागू देऊ नका, ते विरघळतं. अस्वलांसाठीचा स्प्रे विमानात ना हातातल्या सामानात चालतो ना चेक-इनच्या, तो फेअरबँक्सला विकत घ्या. जळणाच्या डब्याचंही तेच.

खाणं गटाचं असतं, आळीपाळीने शिजवायचं. शाकाहारी असाल तर अर्जातच लिहा, शेवटच्या दिवशी सांगून स्वयंपाक्याला पेचात पाडू नका. मूग किंवा मसूर डाळ चालेल, राजमा नाही, इतकं जळण कोण देणार? भाजलेला रवा, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी एवढ्यावर वाईट दिवस निभतात. भारतातून आणत असाल तर विमानतळावर जाहीर करा. ताजा कढीपत्ता आणि फळं काढून घेतात. वासाची प्रत्येक वस्तू, हिंगापासून टूथपेस्टपर्यंत, रात्री अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात जाते. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून किंवा उकळून प्या, पोट बिघडवणारा जिआर्डियाचा जंतू डोळ्याला दिसत नाही.

जूनमध्ये जवळजवळ 22 तास सूर्य असतो, म्हणून डोळ्यांची पट्टी हवीच. वणव्यांचा धूरही याच महिन्यांत येतो. 2004 साली अलास्कात 66 लाख एकर जळालं होतं. दमा असेल तर इनहेलर दोन ठेवा आणि गटप्रमुखाला सांगा. बुटांच्या तळातली माती प्रत्येक जागा सोडताना ब्रशने काढा. पांढरा स्वीटक्लोव्हर नावाचं उपरं तण रस्त्यांच्या कडेने पसरतंय, त्याचं बी असंच प्रवास करतं.

घरच्यांना मात्र आधीच समजावून ठेवा की एकेक फेरी आठ-दहा दिवसांची असते. तिला ‘हिच’ म्हणतात, आणि तेवढ्यात फोन लागणार नाही. सॅटेलाइट यंत्र गटप्रमुखाकडे असतं, ते संकटासाठी. हिच कोणत्या तारखेला संपणार आणि ऑफिसचा नंबर काय, हे कागदावर लिहून आईच्या फ्रिजवर लावा. परत आल्यावर सकाळी 7 ला फोन केलात तर पुण्यात त्याच दिवशी रात्रीचे साडेआठ असतात.